औषध कोणत्या मातीचें?

स्वदेशीचा विचार आपल्याकडे कापडापाशीं फार रमला. कापडांत स्वदेशी ही आवडीची व तत्त्वाची गोष्ट असते. परदेशीं विणलेल्या धोतरानेंहि अंग झांकतें. औषधाच्या बाबतींत तर हा विचारच गैरलागू, असें पुष्कळ सुबुद्ध लोक मानतात. तापाची गोळी पुण्याची कीं जर्मनीची, हें रोग्याच्या उशाशीं बसून कोणी विचारीत नाहीं. औषध जेथें स्वस्त व चांगलें मिळेल तेथून आणावें. स्थानिक कारखान्याचा आग्रह हा केवळ अभिमान. हें म्हणणें गोळीपुरतें बरेंच खरें आहे. परंतु सर्पदंशावरील प्रतिविष घेतलें कीं तें डळमळूं लागतें.

यवतमाळ जिल्ह्यांतील आर्णी हें अरुणावतीच्या कांठचें गांव. भोंवतीं कपाशीचीं शेतें. निंदणाला वांकलेल्या बाईचा हात किंवा रात्रीं ओलिताला निघालेल्या गड्याचा पाय सापावर पडावा, हें तेथें नवल नव्हे. यवतमाळचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुमारें 40 किलोमीटरांवर. नाग किंवा मण्यार चावलेल्याचा श्वास तेवढ्या वाटेंत थांबूं शकतो. तेव्हां प्रतिविष आर्णींतच हवें. आणि एक-दोन कुप्यांनीं भागत नाहीं, आरंभींच बहुधा 8 ते 10 लागतात.

हें औषध करण्याची रीत अशी : सापाचें विष अल्प प्रमाणांत, वाढत्या मात्रेनें घोड्याला टोंचावयाचें आणि त्याच्या रक्तांत विषाला मारक असें जें द्रव्य उत्पन्न होतें तें काढून शुद्ध करावयाचें. आपल्या प्रांताला ही विद्या परकी नाहीं. हाफकिन यांनी 1897 सालीं मुंबईंत प्लेगाची लस सिद्ध करून प्रथम स्वतःला टोंचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा 1899 सालीं परळास गेली, 1925 सालीं तिला त्यांचें नांव मिळालें, आणि 1975 सालीं तिच्यांतून औषधें करणारी निराळी सरकारी कंपनी निघाली. प्रतिविष तेथें होतें, तसेंच खासगी कारखान्यांतहि होतें.

आतां खरा पेंच येतो. फ्रान्सच्या काल्मेत यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिलें प्रतिविष केलें, तेव्हां एका सापाविरुद्ध केलेलें औषध सर्वच सापांवर चालेल अशी त्यांची समजूत होती. ती खोटी असल्याचें ज्यांनी दाखविलें त्यांपैकीं जॉर्ज लँब हे परळच्याच प्रयोगशाळेंत काम केलेले होते : नागाविरुद्धचें औषध घोणशीपुढें निष्प्रभ ठरलें. म्हणून आज नाग, मण्यार, घोणस व फुरसें अशा चौघांविरुद्ध मिळून एकच प्रतिविष करतात. परंतु त्यासाठीं लागणारें बहुतेक विष देशभर तामिळनाडूंतून जातें. तेथील इरुळा लोकांची 1978 सालीं स्थापन झालेली सहकारी संस्था तें काढते. त्यांच्या कौशल्याबद्दल आदरच आहे. मात्र अलीकडील संशोधनानें असें दिसलें आहे कीं, एकाच जातीच्या सापाचें विष प्रदेशाप्रदेशांत बदलतें. म्हणजे दंश आर्णीच्या घोणशीचा आणि उतारा दूर दक्षिणेच्या घोणशीवरचा. तो चालतो, अनेकांचे प्राण वांचवितो. पण तितकाच चालेल अशी हमी नाहीं.

येथें 'स्थानिक' हा शब्द अभिमानाचा राहत नाहीं, तो औषधाच्या गुणाचा होतो. प्रत्येक तालुक्यांत कारखाना काढा, असें कोणी म्हणत नाहीं. घोडे पिंपरीस असोत. विष मात्र ज्या मातींत माणसें मरतात तेथल्या सापांचें असावें.

मग हें होत कां नाहीं? कारण ग्राहक गरीब आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें 12 लक्ष माणसें मेलीं असा एका प्रसिद्ध अभ्यासाचा अंदाज आहे; त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं. सनोफी या बड्या फ्रेंच कंपनीनें आफ्रिकेंतील सापांवरचें आपलें प्रतिविष करणें 2014 सालीं थांबविलें. तिला राक्षस म्हणण्यांत अर्थ नाहीं. नफ्याच्या हिशेबांत जें बसलें नाहीं तें तिनें सोडलें. दोष हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब आपणहि करतों. ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटांत मुदत संपलेल्या कुप्या सांपडल्या कीं आपण उधळपट्टी म्हणून ओरडतों. त्या वर्षीं त्या गांवांत कोणाला त्यांची गरज पडली नाहीं, ही बातमी वाईट कशी? आगीचा बंब वर्षभर उभा राहिला तर त्याची किंमत कोणी नगरपालिकेकडून परत मागत नाहीं.

शहरांतल्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या अंगावरचें सुती वस्त्र ज्या कपाशीचें असतें, ती असल्याच शेतांतून येते. तिच्या भावांत बियाणें, खत, मजुरी यांचा हिशेब धरतात. दंशाचा धरीत नाहींत. तो धरावयाचा तर सापांची निगा, विषाची तपासणी आणि घोड्यांचा दाणा यांवर दरवर्षीं खर्च होईल. मागणी कमी आलेल्या वर्षींहि घोडे दाणा खाणारच. तो पैसा सरकारी तिजोरींतून यावा कीं कापसाच्या व्यापारावर एखादी लहानशी पट्टी बसवावी, याविषयीं मतभेद होऊं शकेल. मला पट्टी अधिक न्याय्य वाटते.