बटाटा, कांदा आणि एक आज्ञा

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, ईस्ट ह्यूस्टन स्ट्रीटवर, योना शिमेल यांची क्निश बेकरी १९१० सालापासून एकाच जागी उभी आहे. भट्टी तळघरात आहे. भाजलेले क्निश छोट्याशा लिफ्टमधून वर दुकानात येतात.

क्निश मधोमध कापून पाहावा. बाहेर मैद्याची पातळ पारी, जेमतेम आतला ऐवज धरून ठेवण्यापुरती. आत ठासून भरलेला कुस्करलेला बटाटा, त्यात तांबूस होईपर्यंत परतलेला कांदा, मीठ आणि मिरपूड. फोडणी नाही, हळद नाही. सगळी गोडी त्या कांद्याची, म्हणून तो घाईने परतून चालत नाही. वरून तिखटसर मस्टर्ड लावायचे आणि गरम असतानाच खायचे. एका क्निशमध्ये माणसाचे जेवण होते.

ते व्हावे म्हणूनच तो होता. १८८१ ते १९२४ या काळात रशिया, पोलंड, रुमानियातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. कपडे शिवण्याच्या कोंदट कारखान्यांत दिवसभर राबणाऱ्यांना स्वस्त, पोटभरीचे आणि उभ्याउभ्या खाता येईल असे काहीतरी हवे होते. शिमेल यांनीही सुरुवात हातगाडीवरूनच केली होती.

पण नुसत्या गरिबीने ही चव घडली नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथात तीनदा येते. त्यावरून मांस आणि दूध एका जेवणात येऊ द्यायचे नाही, असा ज्यूंचा नियम झाला. म्हणजे मांसाच्या जेवणात लोणी नाही, साय नाही, चीज नाही. डुकराची चरबी तर मुळातच वर्ज्य. पूर्व युरोपच्या थंडीत तेल दुर्मीळ, तेव्हा कोंबडीची, बदकाची चरबी कांदा घालून कढवली गेली आणि तिचा खमंग वास त्या स्वयंपाकाची ओळख झाला.

त्याच रस्त्यावर १८८८ पासूनचे कॅट्झ डेलिकॅटेसन आहे. मिठाच्या पाण्यात मुरवलेले, मिरे-धणे चोळून धुरावलेले आणि शेवटी वाफवून लुसलुशीत केलेले पास्त्रामी नावाचे मांस तिथे हाताने कापतात. कापणारा एखादा तुकडा आधी चाखायला देतो. कॅट्झमध्ये कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्यापिण्याचे, नियम काटेकोरपणे पाळत नाहीत, तिथे चीजही मिळते. तरी राय ब्रेडमधल्या पास्त्रामीला आजही मस्टर्डच लागते. जुन्या नियमाने लावलेले वळण जिभेने सोडलेले नाही.

पास्त्रामीचे कौतुक जगभर होते आणि ते रास्तच आहे. मला मात्र बटाट्याचा क्निश अधिक मोलाचा वाटतो. तेलात केलेला असेल, तर तो मांसातही मोडत नाही आणि दुधातही नाही. मांसाच्या ताटात चालतो, दह्यादुधाच्या ताटातही चालतो. नियमाने आखलेल्या सीमेवर उभे राहून दोन्हीकडे पोट भरणारा असा पदार्थ ज्या गृहिणींनी घडवला, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, याची खंत वाटते.

मांस आणि दूध वेगळे ठेवण्याचा हाच नियम आपल्या कोकणातही पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. अलिबागच्या परिसरातल्या बेने इस्रायली ज्यूंना दुधाची उणीव भासण्याचे कारणच नव्हते, परसात नारळ होता. त्यांच्या मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध पडते. नववर्षाच्या सणाला, रोश हशानाला, ते गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून हलवा करतात. मांसाचे जेवण झाल्यावर दुधाची मिठाई त्यांना चालत नाही, पण या हलव्याच्या वड्या खुशाल खाता येतात.