भूगोलाला उशिरा दिसलेली माणसे

अमेरिकेच्या एलन चर्चिल सेंपल १८९१ साली फ्रिडरिश राट्झेल यांच्याकडे भूगोल शिकायला लाइपझिगला गेल्या. तिथल्या विद्यापीठात स्त्रियांना रीतसर प्रवेश नव्हता. व्याख्याने ऐकण्याची परवानगी तेवढी मिळाली. पुढे १९११मध्ये त्यांनी मोठा ग्रंथ लिहून मांडले ते असे, की डोंगर, समुद्र आणि हवामान माणसाचा स्वभाव घडवतात. खुद्द त्यांना विद्यार्थी म्हणून नाव नोंदवता आले नाही, त्याचे कारण मात्र लाइपझिगच्या हवेत नव्हते.

येलमध्ये शिकवणारे एल्सवर्थ हंटिंग्टन त्याही पुढे गेले. १९१५च्या त्यांच्या पुस्तकात हवामानावरून संस्कृतीची प्रतवारी लावलेली आहे, आणि वरच्या पायरीवर वायव्य युरोप व ईशान्य अमेरिका! म्हणजे लेखकाचे स्वतःचेच अंगण. वंशश्रेष्ठत्वाला शास्त्राचा अंगरखा चढला तो असा.

याचे उत्तर तोवर छापून झाले होते, पण ते भूगोलाच्या वर्गाबाहेर. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघरी फिरून कृष्णवर्णीय कुटुंबांची पाहणी केली आणि १८९९मध्ये ती नकाशांसह प्रसिद्ध केली. कोणाला कुठले काम नाकारले जाते, कोणाकडून किती भाडे उकळले जाते, याचा हिशेब त्यात आहे. वस्तीची दैना रक्तातून येत नाही, ती लादली जाते, हे त्यातून दिसत होते. १९३०च्या दशकात तर अमेरिकी सरकारी यंत्रणेनेच शहरांचे नकाशे रंगवले. गृहकर्जाला धोक्याची ठरवलेली वस्ती लाल, आणि कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक ठिकाणी लालच. घरांच्या बाबतीत वंशभेद करण्यावर कायद्याने बंदी यायला १९६८ साल उजाडले.

सत्तरच्या दशकात यी-फू तुआन यांच्यासारख्या अभ्यासकांनी भूगोलात जिव्हाळा आणला. ठिकाण म्हणजे केवळ अक्षांश-रेखांश नव्हे, माणसाने अनुभवलेली जागा. ‘घर’ हा या मांडणीचा लाडका दाखला. पण घर कोणाचे विसाव्याचे? रांधणारीचे की जेवणाऱ्याचे? स्त्रीवादी भूगोलतज्ज्ञ जिलियन रोझ यांनी १९९३मध्ये नेमके इथेच बोट ठेवले. जात्यावरच्या ओव्यांत माहेर आणि सासर एका सुरात कधी येत नाहीत, हे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये. गंमत म्हणजे कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स यांनी त्याआधीच, १९९०मध्ये, वेगळे म्हटले होते: गोऱ्यांच्या जगात दिवसभर अपमान सोसणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी घर ही प्रतिकाराची जागा होती आणि ती बायकांनी उभी केली होती. मला दोघींचेही पटते. ‘स्त्रीचा अनुभव’ असा एकच अनुभव नसतो, एवढे त्यातून कळते.

भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी यांनी १९९१मध्ये लंडनच्या किलबर्न हाय रोडचे उदाहरण घेतले. आयरिश पब, साड्यांचे दुकान, डोक्यावरून जाणारी विमाने. जागेची ओळख कुंपणाने ठरत नाही, तिथे येऊन मिळणाऱ्या संबंधांनी ठरते, असे त्यांचे म्हणणे. मात्र त्या संबंधांत सत्ता सारखी वाटलेली नसते, हेही त्यांनी बजावले.

सत्तेची ही वाटणी आपल्याकडे गावकुसाने केव्हाच आखून ठेवली होती. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४मध्येच केला होता. तरी ते पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह चालत जावे लागले. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११च्या पुस्तकात बाईचा रस्त्यावर विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मागितला, तोही याच वाटणीविरुद्ध. सुरक्षिततेच्या नावाखाली तिला घरी बसवणे त्यांना मान्य नाही.

शाळेत आजही गावाचा नकाशा काढताना नदी, देऊळ, शाळा आणि रस्ता दाखवतात. भूगोलाच्या शिक्षकांना एकच विनंती: त्या नकाशात कोण कुठे राहते, पाणी कोण कुठून आणते आणि संध्याकाळी पारावर कोण बसत नाही, हेही मुलांना भरायला सांगा.