ठाण्याच्या पोटातलं स्थानक

ठाण्याला भुयारी मेट्रो स्थानक होणार म्हटलं की लोक आधी खर्च विचारतात, मग मुहूर्त. मला जिन्याचं विचारायचं आहे.

ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. २९ किलोमीटरचा मार्ग, २२ स्थानकं, सुमारे १२,२०० कोटींचा खर्च. त्यातली भुयारी स्थानकं फक्त दोन: एक ठाणे रेल्वे स्थानकाशी, दुसरं ठाणे आणि मुलुंडच्या मधे होऊ घातलेल्या नव्या रेल्वे स्थानकाशी. म्हणजे जिथे लोकलशी गाठ पडते, तिथेच ही मेट्रो जमिनीखाली जाते. कारण उघड आहे. ठाणे स्टेशनबाहेर बसगाड्यांसाठीचा सॅटिस पूल, रिक्षांच्या रांगा आणि बाजार यांतून वर जागाच उरलेली नाही.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यातच येऊन थांबली. ठाण्यात आज दहा फलाट आहेत. पण संध्याकाळी सातच्या सुमारास इथल्या पुलावर उभं राहून बघा. एकाच वेळी दोन गाड्या लागल्या की खालून वर येणारा लोंढा आणि वरून खाली जाणारा लोंढा जिन्यावर समोरासमोर भिडतात. बॅग पोटाशी धरलेली, नजर पायरीवर, पाय अर्ध्या पायरीने सरकतोय. बाईच्या कडेवर पोर असेल तर ती कठड्याला चिकटून थांबते आणि रेटा ओसरण्याची वाट बघते. फास्ट गाडीने वाचवलेली मिनिटं इथे जातात.

आणि कधी जीवही जातो. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. त्यांना कुठल्या गाडीने उडवलं नव्हतं. त्यांना फक्त पूल उतरायचा होता. पुढे लष्कराने काही महिन्यांत तिथे नवा पूल उभारला, कारण उघड्यावर तसं करता येतं. भुयारात ती सोय नाही. जमिनीखाली एकदा काँक्रीटची भिंत उभी राहिली की अरुंद निघालेला जिना रुंद करणं जवळपास अशक्य. जी चूक होईल ती पुढच्या शंभर वर्षांची.

कल्याण-डोंबिवलीकराला बोगदा नवा नाही. पारसिकचा बोगदा १९१६चा, आणि २०२२पर्यंत या प्रवाशांची फास्ट लोकल त्यातूनच धावायची. पण बोगद्यातून नुसतं जाणं वेगळं आणि जमिनीखाली उतरून गाडी बदलणं वेगळं. ठाण्याची वर्तुळाकार मेट्रो ठाणेकरांसाठी आखली असली, तरी तिच्या भुयारी स्थानकावर सकाळी उतरणारा माणूस दिवा, डोंबिवली, कल्याणच्या पलीकडूनही येणार आहे. त्याला वागळे इस्टेटमध्ये कामावर जायचं असेल. घाटकोपरला २०१४पासून मेट्रो आणि लोकल जोडलेल्या आहेत; त्या जोडावरची गर्दी ज्याने पाहिली, त्याला मी काय म्हणतो ते सांगावं लागणार नाही.

पाण्याचंही तसंच. भुयारात शिरलेलं पाणी आपोआप वाहून जात नाही, ते पंपाने उपसून वर काढावं लागतं. २६ मे २०२५च्या पावसात मुंबईच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं तेव्हा ते स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. पाणी आलं ते काम अपूर्ण असलेल्या प्रवेशद्वाराच्या बाजूने. भर पावसात ठाणे स्टेशनचा रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याने इथल्या भुयारी स्थानकाच्या दाराची उंची आत्ताच विचारली पाहिजे.

फलाटाची वातानुकूलित चकाकी उद्घाटनाच्या फोटोत येते, जिना येत नाही. म्हणून त्याबद्दल विचारणारं कुणी लागतं. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या प्रवासी संघटनांनी ही मेट्रो उभारणारी महामेट्रो आणि मध्य रेल्वे दोघांकडे एकत्र जावं आणि विचारावं: रेल्वेच्या कुठल्या फलाटावरून थेट खाली उतरता येईल, जिने किती आणि किती रुंद, लिफ्ट कुठे, आणि रस्त्यावर कमरेएवढं पाणी असताना कुठलं दार उघडं राहील? उत्तरं लेखी घ्या, आणि ती काम पुढे जाण्याआधी घ्या.