घराची शोभा आणि विणकराचा वाटा

घर सजवावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजात अधूनमधून निघतो. काही जण सजावटीलाच इस्राफ म्हणजे उधळपट्टी ठरवतात. काहींच्या दृष्टीने दिवाणखाना ही ऐपत दाखवायची जागा असते. अलीकडे एक तिसरा सूर ऐकू येतो. प्लास्टिक नको, यंत्राचा स्वस्त माल नको. हातमागाची सतरंजी, ठशांनी छापलेले पडदे, वेताची खुर्ची अशा टिकाऊ वस्तूंनी घर सजवावे, असे सुशिक्षित घरांतून बोलले जाते. ही आवड चांगलीच आहे. पण तिच्या पाठोपाठ एक नैतिक प्रश्न येतो, तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. हाताने घडवलेली वस्तू घरात आणली, म्हणजे त्या हाताचे देणे फिटले काय?

सजावटीला इस्लामची मनाई नाही. सूरह आराफमध्ये शोभा धारण करायला सांगितले आहे आणि त्याच ठिकाणी मर्यादा ओलांडू नका असेही बजावले आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या पडद्याची हदीस तर थेट घरसजावटीचीच आहे. त्यांनी लावलेला चित्रांचा पडदा प्रेषितांना (स.) आवडला नाही. भिंतींना कापडाने मढवणे हे काही आपल्याला सांगितलेले काम नव्हे, असा आशय एका रिवायतीत येतो. मग आयेशांनी तो पडदा कापून त्याच्या उशा केल्या. या हदीसवरून चित्रांविषयी पुष्कळ चर्चा होते. कापड मात्र टाकून दिले गेले नाही, ते कामी लागले, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

टिकाऊपणाचा हा धडा आपल्या घरांना नवा नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी आपल्या आयाबायांनीच शिवली. दारावर पिंजारी येई, दबलेल्या गादीतला कापूस पिंजून पुन्हा भरून देई आणि तीच गादी आणखी काही वर्षे चाले. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सूत आणि रेशीम यांच्या मेळातून हिमरू विणला गेला. मशरू या कापडाच्या नावाचाच अर्थ 'शरीयतला मान्य' असा आहे. पुरुषांच्या अंगाला निव्वळ रेशीम लागू नये, म्हणून रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा घेऊन हे कापड असे विणले जाते की वरून रेशमाची चमक दिसते आणि अंगाला सूत लागते. धर्माचा नियम पाळून सौंदर्य कसे साधावे, हे विणकराने मागावर बसून दाखवून दिले.

पण हा विणकर कोण? मोमीन, पिंजारी, छिपा, रंगरेज ही आपल्यातलीच माणसे. १८५७च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेली मोमीन कुटुंबे मालेगावात आली आणि त्यांच्या मागांवर ते गाव वाढले. असे असूनही 'जुलाहा' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. सोयरीक जुळवताना खानदान विचारले जाते आणि विणकराचे, पिंजाऱ्याचे घर असल्याचे कळताच आवाज बदलतो. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. वडिलांचा धंदा सांगताना मूल 'मजुरी' म्हणून मोकळे होते. वडील विणकर आहेत हे सांगायला ते कचरते. त्या मुलाला ही लाज कोणी शिकवली? त्याच्या वडिलांनी विणलेले कापड आपल्याला चालते, त्यांचे नाव चालत नाही, हे त्याने आपल्याकडूनच ऐकलेले असते. हजरत दाऊद (अलै.) बादशहा होते, पैगंबर होते, आणि तरीही आपल्या हाताच्या कमाईवर जगत, असे हदीस सांगते. ते वाचून आपण सुब्हानल्लाह म्हणतो आणि हाताने कमावणाऱ्याला कमअस्सल समजतो. हा दुटप्पीपणा आहे.

दुसरा मुद्दा दामाचा. मोठ्या दुकानात छापील किमतीला आपण मुकाट्याने पैसे देतो. कारागीर समोर आला की मात्र घासाघीस सुरू होते. इमाम अबू हनीफा कूफ्यातले कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याविषयी सांगितले जाते, की एका बाईने रेशमी कापड विकायला आणून शंभर दिरहम मागितले, तेव्हा त्यांनी या मालाची किंमत याहून जास्त आहे असे सांगत तिला दाम वाढवायला लावले आणि शेवटी पाचशेला ते घेतले. विकणाऱ्याच्या गरजेचा किंवा अज्ञानाचा फायदा घ्यायचा नाही, हा त्यातला धडा. आपण त्याच इमामांच्या फिकहवर चालतो. बाजारात त्यांचा हा कित्ता किती जण गिरवतात?

२०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे पस्तीस लाख हातमाग कामगार आढळले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांची महिन्याची कमाई ५००० रुपयांपेक्षा कमी होती. आपल्या दिवाणखान्याची शोभा एवढ्या मिळकतीवर उभी आहे. शिवाय महाग वस्तू घेतली म्हणजे पैसा विणकरापर्यंत पोहोचलाच, असेही नाही. मधल्या हातांनीच तो उचललेला असू शकतो.

यावर कोणी म्हणेल, पगारदाराला हे परवडणार कसे? रास्त प्रश्न आहे. आमचे म्हणणे एवढेच की दहा स्वस्त वस्तूंऐवजी एक घ्यावी, ती पूर्ण दाम देऊन घ्यावी आणि फाटेपर्यंत, फाटल्यावरही वापरावी. आणखी कोणी विचारेल, सगळेच हातमागाकडे वळले तर मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचे काय? तोही विणकरच आहे. यंत्रावर राबतो म्हणून त्याचा घाम कमी हलाल ठरत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, या शिकवणीत हातमाग आणि यंत्रमाग असा भेद नाही.

म्हणून जिन्नस घेताना तो दिसायला कसा आहे याबरोबरच दोन गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवतो. हा कोणी विणला? आणि त्याला काय मिळाले? दुकानदाराला उत्तर देता आले नाही तरी विचारत राहावे. गिऱ्हाईक विचारू लागले की बाजाराला उत्तर शोधावे लागते. तिसरा प्रश्न दुकानदाराला नव्हे, स्वतःला विचारायचा आहे. हे विणणाऱ्याची मुलगी सून म्हणून या घरात आली, तर तिला या सतरंजीइतका मान मिळेल काय? या प्रश्नाला मनापासून होकार देता आला, तरच घर सजले असे म्हणावे.