ज्वर, विषाद आणि आपला न्याय

पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरात तापाने अंथरूण धरलेले माणूस अबोल होते, आप्तांना टाळते, रविवारी मिस्सेला दिसत नाही. ताप उतरल्यावरही काही दिवस खिन्नच असते. आणि आपण कुजबुजतो, "श्रद्धा उणावली!"

शरीराची बाजू निराळी आहे. जंतुसंसर्ग होताच रक्षक पेशी इंटरल्युकिन-१ सारखी निरोप नेणारी प्रथिने सोडतात. निरोप मेंदूस पोचतो. भूक मंदावते, सहवास नकोसा होतो. हे निरोप आवरणारी नियामक प्रथिनेही पेशींत असतात. तो लगाम ढिला पडला की दाह लांबतो. हेपॅटायटिस-सी या यकृतविकारावर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा हे असेच निरोप्या प्रथिन टोचत, तेव्हा कित्येक रुग्णांना खोल विषादाने घेरले. त्यांची श्रद्धा काय सुईने उणावली?

मग सारेच प्रथिनांच्या माथी मारावे काय? नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार घोर पापास गंभीर विषयाबरोबर पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेची संमती लागते. खिन्नतेला संमती कोण देतो? पत्नीवर उगारलेल्या हाताला मात्र, तापातही, ती थोडीफार द्यावीच लागते, असे आम्हांस वाटते. संत थॉमस अक्विनास यांनी १३व्या शतकात दुःखावरील उपाय सांगताना सत्याचे चिंतन, अश्रू आणि मित्रांची सहानुभूती यांच्याच पंक्तीला झोप आणि स्नानही बसवले होते.