कोंबडीचा कैवार आणि मुंगसाची भूक

अलीकडे कीर्तन आटोपून बुक्का लावून घेताना एक शंका आम्हांस वारंवार विचारली जाते. शंका ब्रह्ममायेची नाही, खुराड्याची आहे. खेड्यात पुष्कळ घरांच्या मागल्या दारी दहावीस गावठी कोंबड्या असतात. त्यांच्या अंड्यांवर मीठमिरची सुटते, पोरांच्या वह्या येतात. अशा घरची बाई विचारते, "महाराज, मुंगसानं एका दुपारी चार पिल्लं नेली. आता त्याला औषध घातलं तर पाप लागंल का?" औषध म्हणजे विष, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. विषालाही औषध म्हणण्याची सोय आपण करून ठेविली आहे!

कोणी म्हणेल, माळकऱ्यांच्या मासिकात कोंबडीची चर्चा कशाला? आमचे म्हणणे एवढेच की, विचारणारी बाई आमच्याच फडावरची आहे. कोंबडी पाळावी की न पाळावी, हा वाद आज नको. पाळली आहे, आणि तिच्या दारी भुकेला जीव आला आहे. तेव्हा कर्तव्य काय, तेवढे पाहू.

आधी पूर्वपक्ष. आश्रिताचे रक्षण हा धर्म. मुंगूस, बाऊल, उदमांजर, कोल्हा हे आश्रितावर चालून येतात. म्हणोन ते आततायी, आणि आततायीला मारण्यात दोष नाही. ऐकायला हे ठीक वाटते. परंतु शास्त्राने आततायी कोणाला म्हटले आहे? आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उपसून अंगावर येणारा, दुसऱ्याचे धन, शेत वा स्त्री हिरावून नेणारा. ह्या सर्वांना दुसरी वाट होती आणि ती त्यांनी सोडली, म्हणून ते दोषी. मुंगसाला दुसरी वाट कोठली? त्याला ना शेत, ना दुकान, ना रेशनकार्ड. आणि पाहा, त्या यादीत मुंगसाचे नाव कोठे नाही. विष घालणाऱ्याचे मात्र आहे.

येथे दुसरी शंका उठते, आणि ती जरा अवघड आहे. एका शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "एक खाल्ली असती तर भूक म्हणून सोडून दिली असती. पण बाऊल रातच्याला शिरलं, आठ मारल्या आन् एकच नेली. ही कसली भूक? हा तर माजोरीपणा!" वरवर पाहता बोलणे खरे. परंतु रानात काय घडते ते पाहावे. तेथे एक भक्ष्य तोंडात आले की बाकीची उडून पळून जातात आणि शिकार तेथेच संपते. खुराड्यात पळायला जागा नाही. डोळ्यांपुढे फडफड चालूच राहते, आणि फडफडीवर झडप घालणे हा त्या जातीचा स्वभाव. म्हणजे आठ मरणांतले एक भुकेचे. बाकीची सात दाराच्या आणि भिंतीच्या हिशेबात धरावी लागतात. ते दार काही बाऊलाने बसविलेले नव्हते.

महाभारताच्या वनपर्वात कपोत आणि श्येनाची कथा आहे. राजाने आपले मांस तराजूत घातले, एवढेच आपण घोकतो आणि डोळे पुसतो. श्येनाचे बोलणे मात्र कोणी नीट ऐकत नाही. तो म्हणतो की, हे पाखरू माझे विहित अन्न आहे. ते तू राखलेस तर मी मरेन आणि माझ्यामागे माझी पिल्ले मरतील. एकाला राखून अनेकांना मारणारा तो धर्म कसला? राजाने ह्यावर धनुष्य मागविले नाही, किंवा श्येनाला पापीही म्हटले नाही. दोघांचेही म्हणणे खरे, हे त्याने मानले; आणि दोन खऱ्यांच्या मध्ये जी तूट पडली ती स्वतःच्या अंगावर घेतली. आमच्या मते कथेचा प्राण येथे आहे. रक्षण मी करणार, तर त्याची किंमत मी देणार. ती भुकेल्याच्या जिवातून वसूल करावयाची नाही.

गृहस्थाला मांडी कापावी लागत नाही. त्याच्या वाट्याला येते ती जाळी, चार फळ्या आणि संध्याकाळची एक फेरी. एवढे तरी तराजूत घालावे! पण मनुष्याला विषाची पुडी स्वस्त वाटते. शिवाय मुंगसावर दात खाणारा हाच गृहस्थ आखाड महिन्यात त्याच कोंबडीला काय करतो, हे त्याला विचारावे. कोंबडीच्या बाजूने पाहिले तर मुंगूस आणि मालक ह्यांत फरक थोडा. मग जो संताप होतो तो दयेचा की मालकीचा? मालकीचा असला तरी आम्ही त्याला हसत नाही. गरिबाची चार पिल्ले म्हणजे खरीच चार पिल्ले. फक्त त्या संतापाला दयेचे नाव देऊ नये.

आता व्यवहार. मुंगूस, घार, शिक्रा ही दिवसाची मंडळी. बाऊल व उदमांजर बहुतेक रात्रीची. म्हणून चोर कोण हे आधी ओळखावे. कोंबड्यांची म्हणून जी पातळ तारेची जाळी बाजारात मिळते ती कोंबडी आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवीत नाही. अर्ध्या इंचाच्या भोकांची जाड जाळी घ्यावी. मुंगूस उकरून येते, म्हणून ती फूटभर जमिनीत गाडावी, किंवा तळाशी बाहेरच्या अंगाला पसरून वर दगड ठेवावेत. दाराला नुसती दोरी नको, कडी हवी. दिवेलागणीच्या आत सर्व आत आणि कडी लागलेली. सांडलेले दाणे झाडून काढावे. दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागे मुंगूस नि धामण. पिल्ले डालग्याखाली ठेवावीत, आणि अंगणात एखादे दाट झुडूप असू द्यावे म्हणजे घारीची सावली पडताच त्यांना दडता येईल.

विषाचा मार्ग कायद्यानेही बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुंगूस, बाऊल ह्यांना संरक्षण आहे, आणि विष घालणे वा सापळ्यात धरणे ही तेथे शिकारच मानली आहे. शिवाय विष एका पोटात थांबत नाही. मेलेले जनावर कावळा खातो, कुत्रे खाते, आणि मरण दारोदार फिरते. राजस्थानातील सरिस्का येथे अभ्यासकांनी असा अंदाज काढला की, एक बाऊल दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते. त्याला मारणाऱ्याने कणगीकडेही एकवार पाहावे.

"मारत नाही, धरून लांब सोडतो," असेही काहीजण म्हणतात. मोकळी झालेली जागा दुसरे जनावर घेते, आणि सोडलेले जनावर दुसऱ्याच्या दारी जाते. जुन्नर भागात २००१ पासून बिबटे धरून दूर सोडण्यात आले, तेव्हा माणसांवरील हल्ले वाढले, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. बिबट्याची गोष्ट अर्थात निराळी. तो दिसू लागला तर लेकरे संभाळावी आणि वनखात्याला कळवावे. तेथे खुराड्याचा विचार मागाहून.

"एवढं सगळं करूनही एखादी गेली तर, महाराज?" असे त्या बाईने शेवटी विचारलेच. जाईल, कधीमधी जाईल. ती त्याच्या वाट्याची धरावी, उरलेल्या मोजाव्या, आणि भोक कोठे पडले ते शोधून दिवस मावळायच्या आत बुजवावे.