पोटचा आणि पोटगीचा

‘पोटगी’ हा शब्द ज्या कोणी मराठीत आणला त्याला माझा नमस्कार. ‘मेंटेनन्स’ म्हटलं की सोसायटीच्या लिफ्टला घालायच्या तेलाचा वास येतो. पोटगीत सरळ पोटच आहे. तरीही पोटचा गोळा आणि पोटगी यांची गाठ घालून द्यायला पुष्कळ बापांना मॅजिस्ट्रेट लागतो, ही गंमत आहे. (गंमत म्हणजे आपली म्हणायची पद्धत.)

कायदा तसा जुना. १८९८ च्या फौजदारी संहितेत बायकापोरांच्या पोटाची किंमत दरमहा फार तर ५० रुपये होती. १९७३ च्या संहितेत, कलम १२५ मध्ये, हा आकडा ५०० होता आणि २००१ मध्ये मर्यादा उठेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. मधल्या काळात रॉकेलपासून रिक्षापर्यंत सगळं वाढलं. कायद्यातलं मूल तेवढं वाढेना! १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि १२५ चं १४४ झालं. बापांच्या सबबी मात्र जुन्याच आहेत.

बुडवणाऱ्याचं होतं काय? आधी वॉरंट निघतं, दंड वसूल करावा तशी वसुली. तरी नाहीच भरले, तर सबळ कारणाशिवाय थकवलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. पैसे भरले की सुटका. आमच्या एका वकील स्नेह्यांचे अशील असे महिनाभर आत राहून आले आणि आल्या आल्या म्हणाले, “साहेब, आता फिट्टंफाट ना?”

वरवर पाहता प्रश्न रास्त वाटतो. एका चुकीला दोनदा का भोगायचं? पण सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये, कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या खटल्यात, सांगून टाकलं की कैद ही वसुलीची एक तऱ्हा आहे, परतफेड नव्हे. देणं फिटतं ते दिल्यावरच. मला हे मनापासून पटतं. बाप आत बसून सरकारी डाळ खात होता, तेव्हा ती काही पोराच्या ताटात पडत नव्हती.

“अहो, पण आत बसलेला माणूस कमावणार कसा?” हाही प्रश्न आहेच, आणि तो मला छळतो. ज्याच्याकडे खरोखरच नाही त्याच्यासाठी कायद्यात ‘सबळ कारण’ हे दोन शब्द आहेत. पंचाईत अशी की कोर्टाची पायरी चढताना भलेभले एकदम कंगाल होतात. स्कूटर भावाची, फ्लॅट आईचा, आणि नोकरी ‘सुटल्यातच जमा’. म्हणून २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलं.

आणखी एक मेख आहे. थकलेल्या रकमेच्या वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. त्यामुळे आमचे वकील स्नेही अशा आयांना पहिला सल्ला देतात तो भिंतीवर कॅलेंडर लावण्याचा. दुधाचे खाडे मांडतो ना, तसे त्यावर बापाचे खाडे मांडायचे.